‘आंबा’ शोधणाऱ्या प्रत्येकाला आंबा विकत घ्यायचा नसतो

गूगल, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती चालवायचं काम मी छोट्या व्यावसायिकांसाठी करते. माझे क्लायंट बहुतेक कोकणातले: आंबा-काजूवाले, होमस्टेवाले, कोकम सरबत करणारे एक काका. या कामात येऊ बघणारी मुलंमुली हमखास विचारतात, ‘ताई, कोर्स कुठला करू?’ कोर्सचं नंतर बोलू. आधी एका आंबा बागायतदाराचं काम सांगते, कारण नवशिक्याला जे जे कळायला हवं ते बहुतेक त्यात आलंय.

हे गृहस्थ देवगडकडचे. कलमं स्वतःची, अढी स्वतःची, पुण्या-मुंबईत पेट्या पोचवायची सोयही स्वतःची. माझ्याकडे येण्याआधी त्यांचं गूगल ॲड्सचं खातं दुसरं कुणीतरी बघत होतं. क्लिक भरपूर, ऑर्डरी जेमतेम, आणि पैसे तर दर क्लिकला जातात. मी सगळ्यात आधी ‘सर्च टर्म्स’चा रिपोर्ट उघडला. लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर आपली जाहिरात त्यांना दिसली, त्याची ही यादी. त्यात होतं: ‘आंबा घाट रिसॉर्ट’, ‘आंब्याचे झाड मराठी निबंध’, ‘आमरस कसा टिकवायचा’, ‘केसर आंबा रोप किंमत’, ‘वाशी मार्केट आजचा आंबा भाव’. शिवाय मँगो नावाच्या परदेशी ब्रँडचे कपडे शोधणारेही होते. चौथीतल्या कुणाच्या तरी निबंधाचे पैसे आमच्या बागायतदाराने भरले होते.

कारण साधं होतं. कीवर्ड (ज्या शब्दाच्या शोधावर जाहिरात दाखवायची तो शब्द) टाकला होता नुसता ‘आंबा’, आणि मॅच, म्हणजे जुळणी, ठेवला होता ब्रॉड. गूगलमध्ये कीवर्डचे तीन प्रकार: ब्रॉड, फ्रेज आणि एक्झॅक्ट. काही न निवडता शब्द टाकला की तो ब्रॉड धरला जातो, आणि ब्रॉड म्हणजे त्या शब्दाशी दूरचं नातं असलेलं काहीही चालेल अशी मोकळीक. मोठं बजेट आणि भरपूर विक्रीची नोंद असलेल्या खात्यात ब्रॉड चांगला चालतो. दिवसाला तीनशे रुपये खर्च करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये, असं माझं मत. आम्ही फ्रेज (शोधात त्या शब्दांचा अर्थ यायला हवा) आणि एक्झॅक्ट (शोधाचा अर्थ नेमका तोच हवा) यांवर आलो: ‘देवगड हापूस पेटी’, ‘हापूस आंबा होम डिलिव्हरी पुणे’, ‘अस्सल हापूस ऑनलाइन’. मराठी माणूस देवनागरीत जितकं टाइप करतो त्याहून जास्त रोमनमध्ये करतो, आणि ‘हापूस’चं स्पेलिंग ज्याचं त्याचं वेगळं. शिवाय ‘अल्फान्सो’ म्हणणारे आहेतच. ते सगळं घेतलं. आणि निगेटिव्ह कीवर्डची, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसायला नको त्यांची, यादी केली: निबंध, रोप, कलम, रेसिपी, घाट, रिसॉर्ट, आजचा भाव, चित्र. सीझनभर दर आठवड्याला हा रिपोर्ट बघून यादीत भर घालायची. कंटाळवाणं काम आहे, पण पगार याचाच आहे असं समजा.

नवीन सर्च कॅम्पेन करताना आणखी दोन ठिकाणी लक्ष ठेवा. एक, डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर वेबसाइट आणि ॲपवरच्या जाहिरातींची, खूण आधीपासून लावलेली असते. ती काढा, नाहीतर सर्चचे पैसे कुठल्यातरी गेमच्या ॲपमधल्या बॅनरवर जातात. दुसरं, लोकेशन. तुम्ही ‘पुणे’ निवडलंत तरी मूळ सेटिंग ‘पुण्यात असलेले किंवा पुण्यात रस असलेले’ असं असतं. पुण्यात घरोघर डबे देणाऱ्या मावशींसाठी हे बदलून ‘फक्त तिथे असलेले’ करायलाच हवं. आंब्यात मात्र गंमत आहे. अमेरिकेत किंवा दुबईत असलेला मुलगा कोथरूडमधल्या आईवडिलांसाठी पेटी बुक करतो, भावात घासाघीस करत नाही आणि पैसे आगाऊ पाठवतो. हा माणूस ‘रस असलेल्यां’त मोडतो. त्याच्यासाठी आम्ही वेगळं छोटं कॅम्पेन ठेवतो.

आता लिलाव. सर्च जाहिरातीची जागा दर वेळी लिलावात ठरते, पण जास्त बोली लावणाराच वर येतो असं नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, तिच्यावर क्लिक होण्याची शक्यता किती आणि क्लिकनंतर उघडणारं पान कसं आहे, हेही मोजलं जातं. खात्यात याचा अंदाज क्वालिटी स्कोअर म्हणून १ ते १० मध्ये दिसतो. आमच्या बागायतदाराचं पान आधी ‘आमच्याविषयी’ने सुरू व्हायचं: आजोबांचा फोटो, तीन परिच्छेद, आणि भाव शोधायला खाली खाली जावं लागायचं. आम्ही वर फक्त चार गोष्टी आणल्या: डझनाचा भाव, फळाचं वजन, कुठे पोचतो, व्हॉट्सॲपचं बटण. आजोबा खाली गेले. त्यावर घरात थोडी नाराजी झाली, पण ऑर्डरी वाढल्यावर ती मिटली.

जाहिरातीतच भाव लिहावा का, यावर लोक वाद घालतात. मी लिहिते. क्लिक कमी होतात, पण येणारा फोन ‘एवढा महाग?’ म्हणून ठेवला जात नाही. सीझनच्या सुरुवातीला, पाडव्याच्या सुमारास भाव चढा असतो आणि मे महिन्यात उतरतो, तेव्हा जाहिरातीतला आकडा बदलायची आठवण ठेवावी लागते इतकंच.

हिशेब मात्र कागदावर करा, जाहिरातीच्या डॅशबोर्डवर नको. उदाहरण घेऊ. समजा एका क्लिकला १२ रुपये पडले. १०० क्लिकचे १२०० झाले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४१६. त्यातून १० जणांनी विचारणा केली आणि तिघांनी पेटी घेतली. एका पेटीमागे ४०० रुपये सुटत असतील तर हातात १२०० आले, म्हणजे खिशातून २१६ गेले. नवशिका इथे घाबरून कॅम्पेन बंद करतो. पण त्या तिघांतला एकजण अक्षय्य तृतीयेला पुन्हा मागवतो, एकजण ऑफिसातल्या चौघांना नंबर देतो, आणि ही विक्री जाहिरातीविना होते. म्हणून जुन्या गिऱ्हाइकाची नोंद वेगळी ठेवायची. जीएसटीचंही एक आहे: ताज्या फळावर जीएसटी नाही, त्यामुळे आंबेवाल्याला जाहिरातीवर भरलेला जीएसटी वळता करून घेता येत नाही. तो खर्चातच धरायचा. क्लायंटला हे आधी सांगितलंत तर महिनाअखेरीचं भांडण वाचतं. गूगल एखाद्या दिवशी ठरलेल्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, आणि महिन्याचा खर्च मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीपुढे जात नाही, हेही त्याच वेळी सांगून टाका.

सर्चवर माणूस स्वतः मागत येतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तो भाचीच्या बारशाचे फोटो बघत असतो आणि आपण मध्ये घुसतो. त्यामुळे तिथली जाहिरात वेगळी लागते. आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ साधा मोबाइलवर काढलेला आहे: अढीतलं गवत बाजूला करून काकी आंबा उचलतात, देठाजवळ वास घेतात, ‘हा उद्या’ म्हणून बाजूला ठेवतात, दुसरा पेटीत. स्टुडिओत काढलेले चकचकीत फोटो त्यापुढे फिके पडले. गिऱ्हाइकाच्या मनात दोनच शंका असतात, खरा देवगडचा का आणि कार्बाइडने पिकवलाय का, आणि तो व्हिडिओ दोन्हींना उत्तर देतो. (कार्बाइड वापरायला कायद्याने बंदी आहे, तरी प्रश्न येतोच.) रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. क्लायंट त्याचा अधिकृत नोंदणीकृत वापरकर्ता असेल तरच जाहिरातीत त्याचा उल्लेख करा. नसेल तर तो म्हणाला तरी लिहू नका.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकलेल्या पोस्टची झटपट जाहिरात करणारं ‘बूस्ट’चं बटण सोपं आहे म्हणून सगळे तेच दाबतात. जाहिराती नीट मांडायचं तिथलं साधन, ॲड्स मॅनेजर, शिका. तिथे उद्दिष्ट निवडायला लागतं, आणि मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) यंत्रणा तुम्ही मागाल तेच आणून देते. एंगेजमेंट मागितलीत तर लाइक करणारी माणसं मिळतील, ती आंबे घेतीलच असं नाही. आम्ही थेट व्हॉट्सॲपवर चॅट उघडणारी जाहिरात वापरतो, कारण गिऱ्हाइकाला फॉर्म भरायचा कंटाळा असतो. बजेट थोडं असेल तर पाच-सहा ॲड सेटमध्ये (एकाच प्रेक्षकगटासाठीच्या जाहिरातींचा संच म्हणजे ॲड सेट) त्याचे तुकडे करू नका. एका ॲड सेटला शिकून स्थिर व्हायला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात, आणि मध्येच मोठे बदल केले की शिकणं पुन्हा सुरू होतं. स्पर्धक काय करतायत ते बघायला मेटाची ॲड लायब्ररी सगळ्यांना खुली आहे. ‘हापूस’ टाका, कुठली जाहिरात कधीपासून चालू आहे ते दिसतं. महिनाभर चालू असलेली जाहिरात बहुधा पैसे मिळवत असते. तिचा अभ्यास करा, नक्कल नको.

आणि फोन कोण उचलतं ते विचारा. आमचे बागायतदार सकाळी हातात झेला (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन बागेत असायचे. फोन घरी चार्जिंगला. अकरा वाजता येणारे फोन मिस्ड कॉलमध्ये जायचे आणि दुपारी परत फोन केला की समोरच्याने दुसरीकडे पेटी सांगितलेली असायची. आम्ही जाहिरातीच्या वेळा बदलून दुपारी चार ते रात्री दहा केल्या, सकाळसाठी वहिनींचा नंबर दिला, आणि व्हॉट्सॲपवर पहिलं उत्तर आपोआप जाईल असं लावलं: भाव, वजन, पिन कोड विचारणारी एक ओळ. पॅनेलमधल्या कुठल्याही बारकाव्यापेक्षा याचा फायदा जास्त झाला.

आता कोर्स. गूगलचं स्किलशॉप आणि मेटाचं ब्लूप्रिंट, दोन्हीकडे शिकायला फुकट आहे. स्किलशॉपची परीक्षाही फुकट, प्रमाणपत्र वर्षभर चालतं. महागड्या क्लासला पन्नास हजार भरण्याआधी त्यातले दहा हजार मामाच्या दुकानाच्या जाहिरातीवर खर्च करा आणि रोज गल्ल्यापाशी बसून कोण काय विचारतं ते लिहून ठेवा. मुलाखतीला जाल तेव्हा तेच कागद दाखवा.

खातं कायम क्लायंटच्या नावाने उघडा, कार्डही त्याचंच, आपल्याला फक्त ॲक्सेस. माझ्या एका होमस्टेवाल्यांचं खातं आधीच्या एजन्सीने स्वतःच्या नावावर ठेवलं होतं. काम सुटलं तशी मागची सगळी आकडेवारी गेली आणि आम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागली. फी मी महिन्याची ठरलेली घेते, खर्चाच्या टक्क्यांत नाही. टक्क्यांत घेतली की बजेट वाढवायचा सल्ला देताना आपली नियत आपल्यालाच तपासावी लागते. पहिल्या भेटीत क्लायंट विचारतोच, ‘किती ऑर्डरी येतील?’ मी आकडा देत नाही. पहिला महिना शोधण्यात जाईल, त्यात किती पैसे गेले तरी चालतील ते तुम्ही सांगा, असं म्हणते. जो रक्कम सांगतो त्याचं काम घेते.