गिटवर बांधा सोसायटीचं दप्तर

सभेचं इतिवृत्त कायम होईपर्यंत चार हातांतून फिरतं. आमच्या सोसायटीत एकदा पार्किंगच्या ठरावातला ‘फक्त’ हा शब्द मधल्यामध्ये गायब झाला आणि तो कुणी काढला यावर पुढची अख्खी सभा गेली. मग मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत साठेक ओळींची एक लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, लिहिली. कागद ठेवायचा, काढायचा, त्याचा इतिहास दाखवायचा, एवढीच तिची कामं. बाकी भार गिटवर, म्हणजे फाइलींमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामवर.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) कोडसाठी गिट लिहिलं, म्हणून ते प्रोग्रामरांचं हत्यार समजलं जातं. आतून ते एक कोठार आहे. मजकुरावरून एसएचए-१ या गणिती पद्धतीने ४० अक्षरी ठसा काढायचा आणि त्या ठशाच्या नावाने मजकूर ठेवायचा. एक काना बदलला की ठसा बदलतो. तोच मजकूर दहादा दिला तरी प्रत एकच राहते.

१. कपाट मांडा

गिट इन्स्टॉल करून रिकाम्या फोल्डरमध्ये ‘गिट इनिट’ द्या, की ते फोल्डर गिटचं कपाट होतं. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.) ‘गिट कॉन्फिग’ने नाव आणि ईमेल भरा. त्याच वेळी ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ करा, नाहीतर ‘इतिवृत्त’ नावाची फाइल यादीत तिरप्या रेषा आणि आकड्यांच्या रूपात दिसते.

२. कागदाचा साचा ठरवा

इथे घाई नको. वर्डची डॉक्एक्स फाइल म्हणजे झिप केलेलं गाठोडं. गिट ती ठेवून घेईल, पण कोणता शब्द बदलला ते सांगू शकणार नाही. साधा मजकूर घ्या, युटीएफ-८ मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत), आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. गिट फरक ओळीनुसार दाखवतं. परिच्छेद एकाच ओळीत असेल तर एका अनुस्वारापायी सगळा लाल-हिरवा (जुना लाल, नवा हिरवा) होतो.

तारीख, विषय, हजेरी जेसॉनमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा मजकुरी साचा) ठेवणार असाल तर पायथनच्या ‘जेसॉन डंप्स’ला ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स आणि ‘सॉर्ट कीज’ ट्रू सांगा. पहिलं विसरलात तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी सांकेतिक आकडे येतात. दुसरं विसरलात तर माहिती तीच असूनही नुसता क्रम हलला म्हणून बदलाची नोंद पडते.

३. ‘ठेव’ फंक्शन लिहा

फाइलचं नाव, मजकूर, बदलणाऱ्याचं नाव आणि बदलाचं कारण, या चार गोष्टी ते घेतं. फाइल लिहितं, ‘गिट ॲड’ने ती नोंदीसाठी निवडतं, मग ‘गिट कमिट’ने बदलाची पक्की नोंद करतं. ‘ऑथर’ पर्यायाने माणसाचं नाव नोंदवा. मात्र ते खरं की खोटं हे गिट पडताळत नाही. कारण रिकामं असेल तर माझी लायब्ररी कागद घेतच नाही. या हट्टावर कुरकुर झाली, पण तो मी सोडलेला नाही.

आज्ञा ‘सबप्रोसेस’मधून (पायथनमधून दुसरे प्रोग्राम चालवायची सोय) चालवा आणि शब्दांची यादी म्हणून द्या. सगळं एकसलग शेलकडे (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामकडे) पाठवलं तर फाइलनावातल्या अर्धविरामापुढचा भाग वेगळी आज्ञा म्हणून चालू शकतो. नावात दोन टिंबं घालून फोल्डरबाहेर जाण्याची वाटही बंद करा. मजकूर बदललाच नसेल तर कमिट अपयशाचा संकेत देतं. ती चूक मानू नका. दोघांनी एकाच क्षणी कागद ठेवला तर ‘इंडेक्स डॉट लॉक’ या कुलुपाच्या फाइलची तक्रार येते. जरा थांबून पुन्हा प्रयत्न करायला लावा.

४. ‘काढ’ आणि ‘इतिहास’

आजचा कागद म्हणजे नुसती फाइल वाचणं. जुन्यासाठी ‘गिट शो’, पुढे कमिटचा ठसा (प्रत्येक नोंदीलाही असा ठसा मिळतो), विसर्गासारखा कोलन आणि फाइलचं नाव. ‘गिट लॉग’ला फाइलचं नाव दिलं की तिचा प्रवास दिसतो, ‘पी’ आणि ‘वर्ड-डिफ’ हे पर्याय जोडले की बदल शब्दवार उलगडतात. सगळ्यात कामाचा आहे ‘गिट लॉग’चाच कॅपिटल ‘एस’ हा पर्याय. त्याच्यापुढे ‘फक्त’ लिहिलं की हा शब्द ज्या ज्या नोंदीत आला किंवा गेला, तेवढ्याच नोंदी समोर येतात. आमची सभा दहा मिनिटांत आटोपली असती!

५. पुसण्याआधी

‘गिट आरएम’ने कागद आजच्या यादीतून जातो, इतिहासातून नाही. म्हणून आधार कार्डाच्या प्रती, बँक खात्यांचे आकडे इथे ठेवूच नका. इतिहासातून खोडायला ‘गिट फिल्टर-रेपो’ हे वेगळं साधन लागतं आणि त्यानंतर जिथे जिथे प्रत गेली असेल तिथली बदलावी लागते. स्कॅन केलेल्या मोठ्या पीडीएफही बाहेरच बऱ्या. वारंवार बदलल्या की कपाट फुगतं.

६. दुसरी प्रत

हे सगळं एकाच डिस्कवर आहे, तोवर बॅकअप झालेला नाही. पेनड्राइव्हवर ‘बेअर’ (नुसतं कोठार, उघड्या फाइली नाहीत) पर्यायासह ‘गिट इनिट’ करा, ‘गिट रिमोट ॲड’ने तिचा पत्ता जोडा आणि दर सभेनंतर ‘गिट पुश’ने नव्या नोंदी तिकडे पाठवा. अधूनमधून ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘गिट क्लोन’ने इतिहासासकट उतरवून एखादा जुना ठराव काढून बघा.