सा पाच्या डोंगरातील गावांत जाताना

उत्तर व्हिएतनाममधील सा पा हे शहर सुमारे १,५०० मीटर उंचीवर असून त्याच्या आसपासच्या खोऱ्यांत ह्मोंग, लाल दाओ आणि झाय समाजांची गावे भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांमध्ये वसलेली आहेत. हनोईहून बसने पाच-सहा तास लागतात. भात पिवळा झालेला पाहायचा असेल तर सप्टेंबरच्या सुमारास जावे. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके आणि कडाक्याची थंडी असते.

कात कात हे गाव शहरालगत असल्याने तेथे तिकीट काढून गर्दीतच फिरावे लागते. त्यापेक्षा ता व्हान किंवा ता फिन येथे एखाद्या घरी मुक्काम करावा, आणि वाटाड्या म्हणून त्याच गावातील व्यक्ती घ्यावी, कारण तसे केल्याने पैसा गावात राहतोच, शिवाय कोणत्या घरी कधी जावे हे त्या व्यक्तीला विचारून कळते. मुक्कामाच्या घरी पासपोर्ट नोंदणीसाठी मागितला जातो. रोख डाँग, म्हणजे व्हिएतनामचे चलन, जवळ ठेवावेत. शाकाहारी मंडळींनी 'आन चाय' (शाकाहारी जेवतो) असे आधीच सांगून माशांचा खारट सॉस, म्हणजे 'नुओक माम', घालू नये अशी स्पष्ट विनंती करावी, कारण तो साध्या भाजीतही पडतो.

दारावर पानांची डहाळी किंवा बांबूची विणलेली खूण टांगलेली दिसली तर त्या घरात पाऊल टाकू नये. ह्मोंग घरात मुख्य दारासमोरच्या भिंतीवर पूर्वजांचे देवस्थान असते. त्याला हात लावू नये, फोटोही विचारूनच काढावा. येथील बायका कापडावर मेणाने नक्षी काढून ते नीळीच्या पिंपात पुन्हापुन्हा बुडवतात, त्यामुळे त्यांचे हात मनगटापर्यंत निळे झालेले असतात. मेणाच्या रेषा किंचित कमीजास्त जाडीच्या असतील तर काम बहुधा हाताचे, अगदी एकसारख्या असतील तर छापील समजावे. ज्या बाईने कापड केले तिच्याकडूनच ते घ्यावे. मुलांकडून मात्र काहीही विकत घेऊ नये, कारण त्या कमाईपायी त्यांची शाळा सुटते.

सा पाजवळच्या फान्सीपान शिखराच्या उतारांवरील जंगल २००२ पासून होआंग लिएन राष्ट्रीय उद्यान आहे. झाडांच्या सावलीत मसाल्याच्या वेलचीची लागवड आढळते, म्हणून वाट सोडून चालू नये. पावसाळ्यात लांब मोजे घालावेत, कारण जळवा असतात. रस्त्याकडेला विकायला ठेवलेली रानातील ऑर्किडे कितीही मोहक वाटली तरी घेऊ नयेत.