पुण्याची कालरेषा : २ सेंटिमीटरला १ वर्ष

लाल महाल आणि शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून मुलांच्या डोक्यात त्यांचा काळही एकच होऊन बसतो. ‘शिवाजी महाराज शनिवारवाड्यात राहायचे’ असं सातवीतलं मूल खात्रीने सांगतं. सालं पाठ असतात, दोन सालांमधलं अंतर मात्र कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. त्यासाठी मापात काढलेली कालरेषा हवी. तयार तक्त्यांवर चित्रं बहुधा सारख्या अंतरावर छापलेली असतात. त्यांचा इथे उपयोग नाही.

सामान थोडंच लागतं : २२ × २८ इंची पांढरी कार्डशीट ३, शिंप्याची मोजपट्टी, मार्कर, गमस्टिक, चिमटे, सुतळी. अप्पा बळवंत चौकात हे सगळं एका फेरीत मिळतं.

प्रत्येक शीट लांबीच्या दिशेने कापून चार पट्ट्या करा. पट्टी ७१ सेंमी लांब, १४ सेंमी रुंद होते. डावीकडचा १ सेंमी चिकटवण्यासाठी सोडा, उरलेल्या ७० सेंमीत ३५ वर्षं बसतात. १० पट्ट्यांत १६३० ते १९८० पुरं होतं. एकूण लांबी ७ मीटर, म्हणजे २३ फूट. भिंत अपुरी पडली तर पट्टी कोपऱ्यातून वळवा, पण माप कमी करू नका. ‘१ सेंमीला १ वर्ष’ केलं की १९४२, १९४७, १९५० एकमेकांवर चढतात. दोन पट्ट्या उरतात, त्या खाडाखोडीसाठी.

दहा गट करा, गटाला एक पट्टी. घटनेची जागा काढायची रीत : घटनेच्या सालातून पट्टीचं पहिलं साल वजा करा आणि दुप्पट करा. तिसरी पट्टी १७०० पासून सुरू होते, तर १७३० ची खूण ६० सेंमीवर.

चुका ठरावीक जागी होतात. १५ सेंमीची फूटपट्टी पुनःपुन्हा ठेवून मोजलं की दर वेळी थोडं सरकतं आणि पट्टीच्या शेवटी एखादं वर्ष गायब होतं. म्हणून मोजपट्टी एकदाच ताणून धरा. दुसरी गडबड सांध्यावर. जून १६६५ चा पुरंदरचा तह पहिल्या पट्टीवर की दुसऱ्या? सालाची रेघ म्हणजे १ जानेवारी, त्या सालाचं घर रेघेच्या उजवीकडे. म्हणून तह दुसऱ्या पट्टीवर. मुलं शकातलं साल घेऊन आली तर नुसते ७८ मिळवून भागत नाही. शनिवारवाड्याचा पाया शके १६५१ च्या माघातला. जानेवारी ते चैत्रापर्यंत ७९ मिळवायचे, तेव्हा १७३० येतं.

पातळ फेव्हिकॉलने कार्डशीटला पोक येतो, सांधे गमस्टिकनेच चिकटवा. भिंतीला टेप लावू नका, पावसाळ्यात सुटते आणि रंगही ओढते. चार फुटांवर सुतळी बांधून, मीटरमीटरला खिळा देऊन, पट्टी चिमट्यांनी टांगा. घटनांची कार्डं ८ × ५ सेंमी ठेवा. गर्दी झाली तर कार्ड खाली उतरवून खुणेपर्यंत दोरा न्या. खूण हलवायची नाही. १८०५ ते १८४० ची पट्टी विरळ दिसते, मुलं ती भरायला बघतात. तशीच राहू द्या, १८१८ तिथे एकटं उठून दिसतं.

आता मोजायला लावा. महाराजांचं निधन १६८०, शनिवारवाड्याचा पाया १७३० : मध्ये सुमारे १ मीटर. दोन मुलांना त्या दोन खुणांपाशी उभं करा. पेशवाईच्या अखेरीपासून भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेपर्यंत (१८४८) फक्त ६० सेंमी, हे पाहून मोठी माणसंही थबकतात. आज दिसणारा लाल महाल विसाव्या शतकात नव्याने बांधलेला आहे, हेही इथेच सांगावं.

शेवटच्या पट्टीवर ३३ सेंमीवर १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. ते कार्ड कोरंच लावा. घरी किंवा शेजारी ज्यांनी पूर पाहिला त्यांना पाणी कुठवर आलं होतं हे विचारून मुलांनी ते भरावं.