माका ओळखा, मग कुंडीत लावा

गणपतीच्या २१ पत्रींत माका लागतो आणि पुढे पितृपक्षात श्राद्धाच्या पूजेलाही. एरवी पुण्यात त्याला कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी बाजारातून आणलेली पत्रीची जुडी सोडली, तर माका म्हणून बांधलेली निघाली एकदांडी. गुरुजी काही बोलले नाहीत, पण मला चुटपुट लागून राहिली. आणि खरा माका आमच्याच सोसायटीत, गळक्या नळाखाली, मजेत फुललेला!

गफलत होणं साहजिक आहे. दोघंही सूर्यफुलाच्या कुळातले, बुटके, खरखरीत पानांचे. म्हणून आधी फुलाचा देठ बघा. एकदांडीला वीतभर उंच दांडा आणि त्याच्या टोकाला एकच फूल. मध्ये पिवळं आणि भोवती मोजक्या, रुंद पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. माक्याचं फूल पानाच्या बेचक्यातून आखूड देठावर येतं, शर्टाच्या बटणाएवढं. पाकळ्या कसल्या, पांढऱ्या दोऱ्याचे कातरलेले तुकडेच ते. पानं समोरासमोर, लांबट, जवळजवळ देठाविना खोडाला चिकटलेली. खोड बरेचदा तांबूस. फुलं सुकल्यावर एकदांडीच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात. माक्याचं बी उडत नाही, बियांनी भरलेली सूर्यफुलाची चिमुकली हिरवी चकती तेवढी मागे राहते. पिवळ्या फुलांचा ‘पिवळा माका’ मिळतो, तो वेगळा.

तरी शंका असेल तर कोवळी फांदी मोडा, बोटांत चुरडा आणि थोडा वेळ थांबा. आधी हिरवट दिसणारा रस हवा लागली की काळपट होत जातो. बोटंही काळी होतात आणि साबणाने लगेच निघत नाहीत, तेव्हा पूजेच्या सोवळ्यात हा प्रयोग नको. केसांच्या तेलात माका घालायची चाल या काळ्या रसावरूनच पडली असावी, असं मला आपलं वाटतं.

माका पाण्याच्या कडेचा. मुळशी-मावळातल्या भातखाचरांचे बांध, कालव्याच्या कडा, पाणी मुरणारी कुठलीही जागा धुंडाळा. मुठेच्या पात्रातही सापडेल, पण तिथलं पाणी बघता लावण्यापुरती फांदी आणा. तो पाला तेलात किंवा पोटात नको.

लावायचा आषाढात, म्हणजे भाद्रपदापर्यंत फुलावर येतो. बोटभर लांबीच्या चार-पाच फांद्या पेराखाली कापा, खालची पानं काढा आणि पाण्याच्या पेल्यात ठेवा. साधारण आठवड्याभरात पेरांतून पांढरी मुळं फुटतात. मग पसरट कुंडीत माती आणि शेणखत भरून त्या लावा. सगळ्या कुंड्यांना आपण ‘पाणी साचू देऊ नका’ म्हणतो, इथे उलटं: कुंडीखाली ताटली ठेवून तिच्यात पाणी राहू द्या. पण डास होतील, म्हणून दर दोन दिवसांनी ती रिकामी करून पुन्हा भरा. ऊन निदान अर्धा दिवस हवं. सावलीत फांद्या नुसत्या लांबतात, फूल रुसतं.

बियांपासून करायचं असेल तर चकती काळसर झाल्यावर चोळून बी काढा आणि ओल्या मातीवर नुसतं भुरभुरा. वर माती लोटू नका, उजेड मिळाला नाही तर ते रुजत नाही. माझी पहिली पेरणी अशीच मातीखाली गेली आणि मी महिनाभर रिकाम्या कुंडीला पाणी घालत बसलो.

उन्हाळ्यात झाड वाळकं दिसलं तर उपटायची घाई नको. मातीत बी पडलेलं असतं, पावसात आपसूक उगवतं. शेजारच्या तुळशीतही उगवतं, म्हणून नको असलेल्या चकत्या हिरव्या असतानाच खुडा.

चतुर्थीला सोसायटीतलं कोणी ना कोणी माका मागायला येतंच. द्या, पण एक फांदी चुरडून दाखवून.