बहमनी राज्याचा अभ्यास करताना या चुका टाळा

बहमनी राज्यावरची उत्तरं आणि टिपणं माझ्याकडे तपासायला येतात, आणि बहुतेकांत त्याच त्या चुका असतात. कारण उघड आहे. इतिहास वाचायला वेळ नाही, म्हणून कुणाच्या तरी नोट्स पाठ करायच्या आणि त्या नोट्सही दुसऱ्याच कुणाच्या नोट्सवरून उतरवलेल्या. 1347 मध्ये दौलताबादला हसन बहमनशाह गादीवर बसला, तिथपासून सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत चाललेलं हे राज्य. निम्म्या महाराष्ट्राचा मध्ययुग त्यातूनच जातो. एका तक्त्यात ते मावत नाही.

सगळ्यात जास्त छळणारं वाक्य म्हणजे ‘1490 साली बहमनी राज्य फुटून पाच शाह्या झाल्या.’ 1490 ला घडलं ते एवढंच: जुन्नरच्या मलिक अहमदने राजधानी बिदरहून आलेल्या फौजेचा पराभव केला आणि निजामशाहीचा पाया घातला. अहमदनगर शहर वसवायला त्याने घेतलं ते 1494 मध्ये. विजापूरचा युसुफ आदिलखान आणि वऱ्हाडचा फतहुल्ला इमादुल्मुल्क त्याच सुमारास आपापल्या मर्जीने कारभार करू लागले. गोवळकोंड्याच्या कुली कुत्बुल्मुल्कचं स्वातंत्र्य मात्र कोणी 1512 धरतं, कोणी 1518. आणि खुद्द बिदरला बरीद घराणं सुलतानाला वाड्यात ठेवून त्याच्याच नावाने राज्य करत होतं.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन बिदरजवळच्या अष्टूरला गेलो होतो. तिथे बहमनी सुलतानांच्या कबरी ओळीने उभ्या आहेत. अहमदशाह वलीची भव्य, आत छतापर्यंत रंगकाम आणि सुलेखन. हुमायूनची वीज पडून अर्धी कोसळलेली, त्यामुळे घुमटाच्या भिंतीची जाडी उघडी दिसते. महमूदशाहाच्या कबरीपाशी आलो आणि सांगितलं की हा 1518 मध्ये वारला. एका हुशार मुलाने लगेच हातातला क्लासचा तक्ता उघडला. ‘सर, राज्य तर 1490 ला संपलं ना? मग हा सुलतान कुठला?’ मी काही न बोलता सगळ्यांना पुढे नेलं. पुढच्या कबरी लहान होत जातात आणि शेवटी कलीमुल्लाची अगदी छोटेखानी. महमूदशाहानंतर चार सुलतान बसले. शेवटच्या कलीमुल्लाने तर बाबराकडे मदत मागितली होती. त्या मुलाने तक्त्यातला 1490 खोडला नाही, शेजारी मोठं प्रश्नचिन्ह काढलं. मला ते फार आवडलं.

माझी सवय सांगतो. कोणत्याही सालासाठी वहीत तीन रकाने करा: खुतबा (शुक्रवारच्या नमाजावेळचं प्रवचन, त्यात राज्यकर्त्याचं नाव घेत) कोणाच्या नावाने, किल्ले कोणाच्या माणसांकडे, महसूल कुठे जमा होतो. राज्य भक्कम असताना तिन्ही रकान्यांत एकच नाव येतं. 1490 नंतर ती वेगळी पडत जातात, आणि प्रत्येक सुभ्यात वेगळ्या वर्षी. याला वेळ लागतो. लागू द्या.

दुसरी चूक बहमनी वजीर महमूद गावानबद्दलची. ‘5 एप्रिल 1481 ला गावानचा वध झाला आणि राज्य कोसळलं.’ वध झाला हे खरं. त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओडिशाच्या राजाला लिहिलेलं बनावट पत्र तयार केलं गेलं आणि तिसऱ्या मुहम्मदशाहाने त्याला मारायचा हुकूम दिला. पण शत्रू एवढे का झाले, हे कुणी लिहीत नाही. पूर्वी चार तरफा, म्हणजे प्रांत, होत्या: गुलबर्गा, दौलताबाद, वऱ्हाड, तेलंगण. गावानने त्यांच्या आठ केल्या. दौलताबादेतून जुन्नर वेगळं निघालं, वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर झाले. तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार. म्हणजे मोठ्या सरदाराचा मुलूख निम्मा झाला आणि बंडाची ताकदही गेली. गावान गेल्यावर ही सगळी घडी मोडली, आणि ज्याच्या हाती जी तरफ होती तीच त्याची शाही झाली. जुन्नर, विजापूर, वऱ्हाड नकाशावर बोट ठेवून पाहा. गावानला हुतात्मा करून थांबलात तर ही यंत्रणा दिसतच नाही.

फुटीला ‘हिंदू-मुसलमान संघर्ष’ म्हणणं ही तिसरी चूक. दरबारातलं वैर दख्खनी आणि आफाकी यांच्यातलं होतं. दख्खनी म्हणजे इथेच रुळलेले. आफाकी म्हणजे इराण-तुराणातून आलेले. गावान स्वतः इराणातल्या गिलानचा. कोकणात शिर्क्यांनी बहमनी सेनापती खलफ हसनच्या फौजेची दाणादाण उडवल्यावर जीव वाचवून चाकणला पोचलेल्या आफाकींची कत्तल घडवली ती दख्खनी अमिरांनी. दोन्हीकडे मुसलमानच. उलट निजामशाही संस्थापकाचा बाप मलिक हसन जन्माने ब्राह्मण होता.

हसन हा गंगू नावाच्या ब्राह्मणाचा नोकर होता आणि त्यावरून ‘बहमनी’ नाव पडलं, ही गोष्ट उत्तरात लिहू नका. ती फिरिश्ता या इतिहासकाराने अडीचशे वर्षांनी सांगितलेली आहे; राजघराणं आपलं नातं इराणच्या बहमनशी जोडत असे.

मुहम्मद आणि महमूद यांत गल्लत करू नका.

राजधानी आधी गुलबर्गा, मग अहमदशाह वलीच्या काळात बिदर. दौलताबादला फक्त सुरुवात.

आणि पाच शाह्यांनी मिळून 1565 ला विजयनगर हरवलं असं लिहिणाऱ्यांनो, वऱ्हाडची इमादशाही त्या लढाईत नव्हती. पुढे 1574 मध्ये निजामशाहीने ती गिळली, आणि 1619 ला बिदर विजापूरकरांच्या घशात गेलं.