ढगाळ दिवशी तळ्यात खाद्य टाकू नका

मघा सरून पूर्वा लागते आहे. इंदापूर, दौंड, बारामती, शिरूर या पट्ट्यात ज्यांच्या शेततळ्यात कटला-रोहू आहेत, त्यांनी चित्रा नक्षत्र संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या उत्तरार्धापर्यंत, एवढं एकच सांभाळावं: आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी खाद्य बंद. निम्मंही नाही, मूठभरही नाही.

दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी भाद्रपदात पहाटे फोन येतोच. "साहेब, मासं वर आल्यात, तोंडं उघडझाप करतात." मी विचारतो, मग तुम्ही काय केलंत? "भुकेले वाटले, पेंड टाकली." इथेच सगळं संपतं. पहाटे वर आलेला मासा भुकेला नसतो, त्याचा जीव गुदमरत असतो. त्याला पेंड टाकणं म्हणजे दम लागलेल्या माणसापुढे जेवणाचं ताट सरकवणं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पाळणं सोपं जाईल. तळ्यातलं हिरवं पाणी म्हणजे बारीक शेवाळ. ते उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री माशांसारखंच तो वापरतं. त्यामुळे सर्वांत कमी प्राणवायू पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान असतो. ऊन पडलं की भरून निघतो. सलग दोन-तीन दिवस ऊनच नसेल तर तयार होणं थांबतं, वापर मात्र चालूच राहतो. त्यात तुम्ही टाकलेलं खाद्य ढगाळ हवेत मासा नीट खात नाही, ते तळाशी जाऊन सडतं, आणि सडायलाही प्राणवायूच लागतो. जे खातात त्यांना पचवायला जास्त लागतो. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू असावा. ३ च्या खाली मासा बेजार होतो, १ च्या आसपास मरतो.

आपल्या प्लॅस्टिकचा कागद टाकलेल्या तळ्यांत हे आणखी वाईट. बांध उंच, त्यामुळे वारा पाण्याला लागत नाही. तळाला काळा गाळ साठलेला असतो. उकाड्यानंतर एकदम गार पावसाची सर आली की थंड पाणी खाली जातं आणि तळाचं कुजकट पाणी वर उलटतं. उत्तरा-हस्ताच्या वळवासारख्या सरींत एका रात्रीत तळं रिकामं झालेलं मी पाहिलंय.

आणि मग भावकीवर संशय. "चुलत्यानं औषध टाकलं." पोलिसात जाण्याआधी मेलेले मासे बघा. मोठे मेलेत आणि बोटाएवढे पोहतायत, मेलेल्यांची तोंडं उघडी, कल्ले फाकलेले, आणि हे पहाटेच झालंय, तर प्राणवायू संपला होता. लहान-मोठे, बेडूक, किडे सगळेच एकदम, भरदुपारी गेले, तर विषाची शंका घ्या. त्यातही आधी स्वतःच्या डाळिंबाच्या फवारणीचा ड्रम कुठे धुतला ते आठवा.

बाकीची नेहमीची कामं:
– पिल्लं: गुंठ्याला ५० ते १००. नऊ गुंठ्यांच्या तळ्यात ९०० च्या वर नाही.
– खाद्य (फक्त उन्हाच्या दिवशी): भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समान, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के, सकाळी ऊन चढल्यावर.
– चुना: पाण्याचा सामू (pH) ७.५ च्या खाली असेल तरच, गुंठ्याला महिन्याला १ किलो. खारवट बोअरच्या पाण्याला बहुधा लागतच नाही.
– जखमा, लाल चट्टे: सिफॅक्स हे माशांचं औषध, १ हेक्टर क्षेत्र आणि १ मीटर खोल पाण्याला १ लिटर.
– सांडव्याला जाळी.
– मांगूर मासा नको. थाई मांगुरावर २००० सालापासून बंदी आहे.

पाण्याची हिरवाई मोजायला यंत्र लागत नाही. स्टीलची ताटली घ्या, निम्मी काळी, निम्मी पांढरी रंगवा, दोरीला बांधून सोडा. २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आतच गायब झाली तर खत म्हणून टाकता ते शेण आणि खाद्य दोन्ही लगेच बंद, ऊन असलं तरी. ताटलीही नसेल तर हात कोपरापर्यंत बुडवा. तळहात अजिबात दिसत नसेल तर पाणी जास्त हिरवं आहे.

उजनी धरणाच्या फुगवट्यातून पाणी उचलणाऱ्यांना वेगळं सांगतो. पुण्याचं मैलापाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून तिथेच येतं. ज्या पाण्यावर जलपर्णी माजते त्याला खताची काय गरज? भिगवणकडच्या तळ्यात शेणाच्या पाट्या ओतताना बघितलं की मला हसावं की रडावं कळत नाही.

आता दुकानदाराचं. मासे वर आले की तो ऑक्सिजन पावडरचा एक किलोचा पुडा देतो. पावडर खोटी नाही, पण हिशेब करा. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात, बांधाचा उतार धरून, सुमारे १९.७ लाख लिटर पाणी बसतं. प्राणवायू लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायला २ किलो प्राणवायू हवा. शुद्ध पावडरीतून किलोमागे जेमतेम दीडशे ग्रॅम सुटतो. म्हणजे तेरा किलो पावडर, तीही काही तासांपुरती. प्रोबायोटिक, झिओलाइट, ग्रोथ बूस्टर यांचे पैसे वाचवून पाइपचे दोन तुकडे आणि नोझल घ्या.

कारण खरा उपाय पाणी हवेतून उडवणं हाच आहे. रात्री दोनपासून ऊन येईपर्यंत तळ्यातलंच पाणी उपसून परत तळ्यावर फवारा. फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पंपाच्या पाइपचं पाणी ओढणारं टोक, वरच्या दोन फुटांतच ठेवा, गाळ ढवळू नका. बोअरचं पाणी सोडायचं तर तेही उंचावरून, क्रेटवर आपटत पडू द्या. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. सोलर पंपवाल्यांनी नीट ऐका: तुमचा पंप ढगात मंदावतो आणि रात्री बंद असतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी तो नाही. थ्री फेजची पाळी दिवसाची असेल तर शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आजच सांगून ठेवा. रायगड-पालघरकडचे कोळंबीवाले रात्रभर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, फिरवतात, राखणीला माणूस ठेवतात. रत्नागिरीजवळच्या शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, खाडीकाठी हे ज्ञान केव्हाच रुळलं. घाटावर आपण माशाला जोडधंदा म्हणतो आणि झोपतो.

माझा एक अंदाज, कुठल्या पुस्तकात सापडणार नाही: संध्याकाळी गोगलगायी कागदावर पाण्याबाहेर चढलेल्या दिसल्या तर त्या रात्री जागा. तीन-चार वेळा खरा ठरलाय. तसंच हिरवं पाणी एका दिवसात तपकिरी झालं तर शेवाळ मेलं असं समजा आणि इंजिन लावा.

आणखी एक अडचण बाजाराची. श्रावण, गणपती, मग नवरात्र. खाणारं गिऱ्हाईक कमी, भाव पडलेला, म्हणून तुम्ही माल धरून ठेवता. नेमक्या याच आठवड्यांत तळ्यात वजन सर्वांत जास्त आणि ऊन सर्वांत कमी. पाऊण किलोच्या वरचे मासे आताच काढा, भाव दहा-वीस रुपयांनी कमी मिळाला तरी. मेलेल्या माशाला भावच नसतो.

हवामानाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवरही दिसतो. सगळे पावसाचे मिलिमीटर बघतात. तुम्ही ढगांचा रकाना बघा. तिथे आकडा शून्य ते आठ असतो, आठ म्हणजे पूर्ण झाकलेलं आभाळ. सलग दोन दिवस ७ किंवा ८ दिसले तर पहिल्या दिवसापासूनच खाद्य बंद. मासा चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी मरत नाही, वजन थोडं थांबतं इतकंच.

इतकं करूनही मासे मेले, तर उन्ह चढायच्या आत बाहेर काढा. कॅनॉलमध्ये किंवा फुगवट्यात टाकू नका. खड्डा खणा, चुना टाकून पुरा. आणि उरलेल्यांना त्या दिवशी, ऊन पडलं तरी, खाद्य नको.