भाजी नसेल तेव्हा कांद्याचा झुणका
दोघांना तीन मध्यम कांदे पुरतात. उभेच चिरा, बारीक केलेत तर लगदा होतो. लोखंडी कढईत तेल घालताना हात आखडू नका, नाहीतर बेसन घशात बसतं. मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मग कांदा. गुलाबी झाला की पुरे. हळद, तिखट, मीठ. आता वाटीभर बेसन एका हाताने भुरभुरत दुसऱ्याने परतत राहा, खमंग वास येईपर्यंत. आई पाण्याचा नुसता हबका मारायची. मी पहिल्यांदा पेलाभर ओतलं आणि पिठलं झालं, तेही गुठळ्यांचं! झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा काढा. भाकरी तोवर तव्यावर हवी. तळाची खरपूड मात्र मी कुणाला देत नाही.